अपुरी तिकिटं

दयाराम पोस्टमास्तराने पाकीट टेबलावर ठेवलं, पण त्यावरचा हात काढला नाही.

"तिकिटं कमी लावलीत, धाकूदादा. नॉटपेड आहे. जेवढे पैसे कमी पडले त्याच्या दुप्पट भरावे लागतील."

"कोणी?"

"घेणाऱ्याने. नियम आहे."

धाकूने पाकीट वरूनच चाचपलं. आत कडं होतं. होडीच्या पंख्याचा दांडा बुडातून बाहेर जातो, त्या भोकात बसणारं रबरी कडं. ते नसलं की होडीत पाणी शिरतं. इंजिन जुनं, म्हणून कडं रेवदंड्याला मिळालं नाही की अलिबागला नाही. शेवटी माणगावला दिलेल्या लेकीने, अमिषाने, ते मोबाइलवरून मागवलं होतं.

"पाठवायचे पैसे कडं विकणाऱ्या त्या विपुलने माझ्याकडून आधीच घेतले," धाकू म्हणाला. "ते त्याने खिशात घातले, आन् दंड मला?"

"दंड नाही रे दादा."

"मग काय, आहेर हाय?"

सखू दाराशी उभी होती. नवऱ्याचा आवाज चढला तशी ती आत आली आणि कनवटीला हात घातला. "बांगड्याच्या एका वाट्याचे पैसे हायत. द्या आन् चला. दुपारी भरती हाय."

"पैशाला हात लावू नको."

पुनवेच्या उधाणाला गावातल्या सगळ्या होड्या पाण्यात गेल्या होत्या. उंच काठावर धाकूचीच तेवढी राहिली होती, कड्यावाचून. आज अवसेचं उधाण. आज पाणी तिच्याखाली येणार होतं, आज हुकलं तर पुढच्या पुनवेलाच. वाट बघून कंटाळलेले दोन्ही खलाशी केव्हाच दुसऱ्याच्या होडीवर चढले होते.

धाकूने फोन लावला. विपुल हसतच बोलला.

"अहो काका, अशी किती मोठी रक्कम आहे? देऊन टाका ना."

"मोठी न्हाय ना? मग तू पुरी तिकिटं का न्हाय लावलीस?"

"वजनाचा अंदाज चुकला, काका. होतं असं."

"पैसे घेताना न्हाय चुकला."

पलीकडून फोन बंद झाला. धाकूने पुन्हा लावला. कोणी उचलला नाही. तो पाकिटाकडे असा बघत राहिला, जणू विपुलच आत घडी होऊन बसला होता.

दयारामने आपल्या खिशात हात घातला. "मी भरतो. मासळी लागली की दे."

धाकूचं डोकं आणखीच फिरलं. "तू का भरशील? तिकिटं तू लावली व्हतीस? ज्याचं त्यानं भरावं. लिही, घेत न्हाय म्हणून."

"एकदा परत गेलं की ते पुन्हा यायचं नाही, दादा."

"लिही."

दयारामने सखूकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. त्याने पाकिटावर नकार लिहिला, पाकीट पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड बांधलं.

दुपारी पाणी चढू लागलं. धाकू होडीच्या बुडाशी उकिडवा बसून भोकात काथ्या कोंबत होता. वरून डांबर चोपडून तो हातोडीने ठोकत होता. प्रत्येक ठोक्याला विपुलला एक शिवी.

"माझ्या बापाच्या वेळेला कुठं रबर व्हतं?" तो म्हणाला. "तो काय मासे मारत नव्हता?"

"त्यांच्या होडीला शीड व्हतं," सखू म्हणाली. "बुडाला भोक नव्हतं."

एरवी सखू होडीत पाय ठेवत नसे. तिचं काम किनाऱ्यावर, मासळी उतरली की. पण आज दोरी धरायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. पाणी बुडाखाली आलं. होडी हलली, टेकूंवरून सुटली आणि एका बाजूला झुकून सरळ झाली.

"बघ," धाकू म्हणाला. "तरंगली का न्हाय? सांग त्याला जाऊन."

त्याने इंजिन सुरू केलं. दांडा गरगरला. थोड्या वेळातच काथ्याची एक वात सुटली, मग दुसरी, आणि फिरत्या दांड्याने सगळाच काथ्या ओढून बाहेर फेकला. पाणी आधी झिरपत आलं, मग धारेने.

"डबा घे," धाकू म्हणाला. "उपस."

सखू उपसू लागली. होडी खाडीच्या मध्याकडे निघाली. धाकू सुकाणू धरून समोर बघत होता आणि त्याचं तोंड चालूच होतं. "चोर साले. आपण चुकायचं आन् निस्तरायचं दुसऱ्यानं. किती दिवस चालणार असं? कोणीतरी न्हाय म्हणायलाच पायजे. थांबू नको, उपस."

सखूचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. ती उपसत होती तेवढंच पाणी आत येत होतं. मग तेवढ्याहून जास्त येऊ लागलं.

ती थांबली. कंबर सरळ केली. डबा तिने धाकूच्या पायाशी आणून ठेवला.

"ज्याचं त्यानं उपसावं," ती म्हणाली.

आणि होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन किनाऱ्याकडे तोंड करून बसली.

धाकूने सुकाणू सोडलं नाही. पाणी पायाखालच्या फळीवर आलं. डबा जागचा उचलला गेला, थोडा फिरला, आणि तरंगत त्याच्या घोट्याला येऊन लागला.