नेड गॅरडचं मत

“आजच्या अर्जावर कुणी आधीच मन पक्कं केलंय का? कुणाला शब्द दिलाय?”

कौन्सिलच्या नव्या वकीलबाईंनी, इमोजेन स्पाइटने, चहाभोवती जमलेल्या नऊही नगरसेवकांना विचारलं. नियोजन समितीची बैठक सुरू व्हायला दहा मिनिटं होती. अर्ज एकच, पण कळीचा. खाडीकाठची होड्या दुरुस्त करायची शेवटची शेड पाडून तिथे चार मजली फ्लॅट बांधायचे होते. जागा मालकाची, शेडमध्ये हातोडी चालत होती ती भाडेकरू डॉर्कस थर्लोची, चाळीस वर्षं.

बिस्किटं तेवढी मोडली.

मग नेड गॅरडने टोपी काढली. “मी दिलाय. डॉर्कसला. फाटकाशी उभा राहून म्हणालो, बाई, माझं मत या फ्लॅटांना पडायचं नाही.”

गेल्याच आठवड्यात नव्या वकिलांच्या वर्गात इमोजेनने ते वाक्य दोनदा अधोरेखित केलं होतं: मन आधीच बंद करून आलेल्याने मत देऊ नये, दिलं तर निर्णय कोर्टात टिकत नाही.

“मग तुम्हाला बसता येणार नाही, मिस्टर गॅरड.”

“ऐकून घेईन की सगळ्यांचं. कान काय घरी ठेवून आलोय, पोरी?”

“तरीही नको. तुमच्यामुळे सगळाच निर्णय उडाला, तर डॉर्कसबाईंचंच नुकसान.”

ते मात्र नेडला पटलं. कप खाली ठेवून तो बाहेर गेला. जाताना दार त्याने हलकेच ओढून घेतलं, आत कुणी निजलं असावं तसं.

बैठकीत डॉर्कसला बोलायला तीन मिनिटं मिळाली. नखांत डांबर, अंगावर ठेवणीतला निळा कोट. नेडची रिकामी खुर्ची बघून ती क्षणभर अडखळली, मग सावरली.

“आठवणी सांगू नका म्हणालात, नाही सांगत. एवढंच विचारते. या खाडीत एकोणसाठ होड्या आहेत. त्यांचं बूड गळायला लागलं की न्यायच्या कुठे? भरती काही तुमच्या जिन्याच्या पायऱ्या चढून वर येणार नाही.”

कुणीतरी हसलं. नगरसेवक मिस्टर पेल घड्याळाकडे बघत होते.

हात वर झाले. फ्लॅटांच्या बाजूने चार, विरुद्ध चार. अध्यक्षांचा हात फ्लॅटांकडेच होता. बरोबरी झाली की अध्यक्षांना आणखी एक मत असतं; तेही त्यांनी तिकडेच टाकलं. डॉर्कसने कोटाची बटणं लावली, चारही, सावकाश, आणि ती निघून गेली.

खोली रिकामी झाली. भिंतीवरचे नकाशे गुंडाळता गुंडाळता नियोजन अधिकारी क्रिस्प म्हणाले, “नेडला कुणी काढलं बाहेर?”

“मी. त्याने शब्द दिला होता.”

“मग? आधी बोलून दाखवलं म्हणजे मन बंदच झालं, असं धरायचं नाही. तो कायदा कधीचाच आलाय. ऐकून घेईन म्हणाला ना तो?”

“म्हणाला.”

“मग बसू शकत होता. वर्गात सांगतात की हे.”

“मी... पहिल्याच पानावर थांबले असेन.”

“आणि पेल शनिवारी मालकाच्या घरी जेवून आला, ते विचारलंस?”

“मी सगळ्यांनाच विचारलं होतं.”

“विचारलंस खरं. बोलणारा एकच निघाला, नेमकं त्यालाच बाहेर काढलंस.” क्रिस्पनी नकाशाला रबर लावलं. त्यांचा आवाज उतरला. “हे बघ, परवानगीचं पत्र अजून निघालेलं नाही. उद्या दहाला माझी सही होईल. त्याआधी तुझ्या वरिष्ठांना लेखी कळव, सल्ला चुकला म्हणून. विषय परत समितीपुढे येईल. नेड बसेल.”

“आणि माझं?”

“तुझी नोकरी अजून पक्की व्हायची आहे, नाही का?” ते म्हणाले. मग त्यांनी नकाशे काखेत मारले.

बाहेर थंडीचा वारा खाडीवरून येत होता. नेड पायऱ्यांवर उभा होता, टोपी हातातच. समोर डॉर्कसची जुनी व्हॅन, काचा बंद. आत ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलेली.

“वकीलबाई,” नेड म्हणाला, “एकच सांगा. मी बाहेर गेलो ते बरोबरच झालं ना? बसलो असतो तर सगळंच रद्द ठरलं असतं, असंच ना? मी तिला तेच सांगतोय. ती म्हणते, नेड, ऐन वेळी तुझे पाय गळाले. सत्तावीस वर्षांची ओळख आहे हो आमची. आता काचही खाली करत नाही.”

इमोजेनने गळपट्टा घट्ट ओढला. व्हॅनमधली बाई तिच्याकडेच बघत होती.

“हो,” ती म्हणाली. “जावंच लागणार होतं तुम्हाला. कायदाच तसा आहे.”

नेडच्या छातीतून मोठा श्वास सुटला. तो जवळजवळ पळतच रस्ता ओलांडून गेला, काचेवर बोटाने टकटक करून इमोजेनकडे हात दाखवत काहीबाही सांगू लागला. काच थोडी खाली आली. मग पूर्ण खाली आली. डॉर्कसने शेजारच्या सीटवरचं दोरखंडाचं भेंडोळं उचलून मागे टाकलं, त्याच्यासाठी दार उघडलं, आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या वकीलबाईंकडे बघून, आभार मानावेत तशी, मान लववली.