राहीचं मंगलाष्टक

भटजींची दोन मंगलाष्टकं म्हणून झाली आणि लाउडस्पीकरवाल्यानं माइक गोरक्षच्या हातात दिला. गोरक्षच्या खिशातला कागद कोरा होता.

सगळा मांडव त्याच्याकडं वळला. तिसगावच्या आसपास कुणाचंही लग्न असो, तिसरं मंगलाष्टक गोरक्षचं, हे ठरलेलं. नवरानवरीची नावं बसवायची, आईबापाची गुंफायची, गंगा-यमुना आणायच्या, चंद्र-सूर्य आणायचे, की बाया पदर डोळ्याला लावायच्या. आज तर नवरी त्याची सख्खी धाकटी बहीण. राहीच्या लग्नात गोरक्ष काय म्हणतोय, तेवढं ऐकायलाच कितीतरी माणसं उन्हातान्हाची चालत आली होती. मुठीत अक्षता धरून उभी होती. यंदा अक्षता रंगवायचीही गरज पडली नव्हती. दुष्काळात रेशनवर आलेली परदेशी मिलो ज्वारी मुळातच तांबडी.

पंधरवडा झाला, त्याला एक ओळ सुचत नव्हती. गोठ्यात बसून झालं, देवळात बसून झालं, मास्तरांचा शाईचा पेन मागून आणून झाला. एक शब्द लिहायचा, खोडायचा, कागद चुलीत घालायचा. त्याला वाटायचं, राहीनंच खोडा घातला. सुपारी फुटली त्याच दिवशी तिनं बजावलं होतं, "दादा, मपल्या मंगलाष्टकात गंगा-यमुना न्हाई पाहिजेत. त्या समद्यांच्याच लग्नाला येत्यात."

असं बोलायचा तिला हक्कच होता. रस्त्याच्या दुष्काळी कामावर दोघं शेजारी बसून खडी फोडायची. तो फोडता फोडता ओळी जुळवायचा, ती ऐकायची. कुठं अडला, की हातोडी न थांबवता म्हणायची, "हाण दादा, ढीग भरायचाय अजून." मग सुचायचं. लग्न ठरलं तशी आईनं तिचं कामावर जाणं बंद केलं. तेव्हापासून गोरक्ष एकटाच फोडत होता.

"कवी झोपला का काय?" नवरदेवाकडचं कुणीतरी म्हणालं.

"पानी द्या त्याला वाईच."

"पानी? टँकर उद्या हाय, पावनं."

मांडव हसला. गोरक्षच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भटजींनी सूर्याकडं पाहिलं, मग गोरक्षकडं पाहिलं. मामानं भाचीच्या पाठीमागून हातानंच खुणावलं, म्हण की काहीतरी. जुनं एक त्याला तोंडपाठ होतं. मागच्या लग्नातलंच. त्यात राहीचं नाव नीट बसतही होतं. कुणाला कळणार होतं?

एकीला कळणार होतं. ती पाटावर उभी होती, हातात हार, मान खाली. तिच्या आणि नवरदेवाच्या मधे अंतरपाट. मुंडावळ्यांच्या आडून तिचं तोंडही दिसत नव्हतं.

गोरक्षनं माइक तोंडाशी नेला. "गं..." एवढं म्हणाला आणि थांबला. पुढं जाववेना. मांडवातलं हसू विरलं. आता लोकांनाच अवघडल्यासारखं झालं. कुणीतरी खाकरलं. आईनं तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात ठक असं वाजलं.

परत वाजलं. हलकेच दोनदा, मग एकदा जोरात. दोनदा हलके, एकदा जोरात.

दगडाची नस बघायला दोन हलके घाव आणि फोडायला एक जड. गोरक्षनं खाली पाहिलं. हिरव्या शालूच्या काठाखाली राहीची टाच पाटावर वाजत होती. मान तशीच खाली, हार तसाच हातात. टाच तेवढी कामावर गेली होती.

गोरक्षनं डोळे मिटले. पुढं दगडाचा ढीग दिसला, उन्हात पांढराफटक. आणि तोंड उघडलं तर आवाज आपोआप चालीत आला.

"खांद्याला उन आणि हात जळती, पायी कपच्या किती,
हातोडी तुझि बोलली तर मला ओळी सुचू लागती..."

 खडीवरच्या बाया पुढंच उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडं पाहिलं. असलं मंगलाष्टक कुणी ऐकलं नव्हतं. यात ना गंगा होती ना यमुना. एका म्हातारीनं मुठीतल्या अक्षता या हातातून त्या हातात घेतल्या आणि स्वतःचे घट्टे पडलेले तळवे बघत राहिली.

दोन ओळी झाल्या. गोरक्ष थांबला. उद्यापासून ही टाच या गावात नसणार, हे त्याला आत्ता, या घडीला कळलं.

भटजींना वाटलं, झालं. सावधान म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मांडवातले हात वर गेले.

"थांबा महाराज," राही म्हणाली. नवरी बोलली म्हणून बाया दचकल्या. तिनं मान काही वर केली नाही. "ढीग भरायचाय त्याचा अजून."

वर गेलेले हात तसेच राहिले. राहीची टाच पुन्हा वाजायला लागली. दोनदा हलके, एकदा जोरात. गोरक्षनं नाक ओढलं आणि तिसरी ओळ उचलली.

नवरदेव सहादेव, तोही पाथर्डीकडच्या रस्त्यावर खडी फोडणाराच. अंतरपाटाच्या पलीकडं आत्तापर्यंत तो खांबासारखा उभा होता. चौथ्या ओळीला त्याच्या पाटावरही टाच वाजली. पहिल्यांदा जरा चुकली. मग बरोबर पडायला लागली.