घटना जोडा

भिंतीवरच्या पडद्यावर सुवर्णा मुंडावळ्या बांधून उभी होती, आणि त्याच पडद्यासमोर खरी सुवर्णा चपला न काढता उभी होती.

"हा फोटो काढून टाका, अण्णा," ती म्हणाली.

वडगावातल्या एका विणकर मंडळाची ती कचेरी. अध्यक्ष केशवअण्णा खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या भाच्याने, आशुतोषने, लॅपटॉप उघडला होता. मंडळाचा सगळा इतिहास आता इंटरनेटवर चढत होता. त्यासाठी आशुतोषने एक सॉफ्टवेअर आणलं होतं. कार्यक्रमाची तारीख टाकायची, फोटो टाकायचा, की वर्षांच्या रांगेत तो आपोआप आपल्या जागेवर जाऊन बसायचा. सुवर्णाने येता येता फोनवर ती रांग पाहिली होती. केशवअण्णा शाल घेताना, केशवअण्णा शाल देताना, केशवअण्णा फीत कापताना. एका फोटोत तर ते नुसतेच बसले होते, आणि त्यालाही कार्यक्रम म्हटलं होतं. मंडळ विणकरांचं, पण मागावर बसलेला एकही माणूस त्यात नव्हता.

मधेच सामुदायिक विवाहाचा सोहळा होता. वीस जोडपी. तिच्या आणि सौरवच्या फोटोखाली लिहिलं होतं, 'मंडळाने जुळवलेले सुखी संसार'. तिचा घटस्फोट होऊन चार वर्षं झाली होती, आणि हे कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं.

"अगं, बस की आधी. चा सांगू?"

"चहा नको. फोटो काढा."

"असं कसं काढता येईल? लगीन झालतं का न्हाय? झालतं. मंडळानं लावलतं. झालेली गोष्ट झालीच न्हाय म्हणून कसं चालंल? पुढच्या आयतवारी आमदार यायचं हाईत उद्घाटनाला. विसाची एकोणीस जोडपी दाखवू व्हय त्येंला?"

"झालेलं सगळं घालतासा काय मग?"

"सगळं! लपवाछपवी न्हाय आपल्यात. सभासदांनाबी घालता येतंय. आशुतोष, दाखव रं तिला."

आशुतोषने एक बटण दाखवलं. 'घटना जोडा'. सभासदसंख्या फुगवायला मंडळाने त्या लग्नातल्या सगळ्या नवऱ्या मुलींची नावं तेव्हाच चढवून ठेवली होती. त्या हिशेबाने सुवर्णाही सभासद होती.

ती खुर्ची ओढून बसली आणि फोनवर टाईप करू लागली. पोरगी वळणावर आली असं केशवअण्णांना वाटलं असावं. ते फोनवर कुणाला तरी आमदारांच्या फेट्याचा रंग समजावत बसले. गुलाबी नको, अबोली पाहिजे. अबोली नसेल तर केशरी, पण गुलाबी नको. या माणसाला आपण कधीकाळी घाबरत होतो, याचं सुवर्णाला नवल वाटलं.

पडद्यावर लग्नाच्या फोटोखाली नवी चौकट उमटली. आशुतोष ती मोठ्याने वाचू लागला आणि मधेच थांबला. केशवअण्णांनी चष्मा लावला आणि स्वतः वाचलं.

'स्थळ : सुवर्णाचं माहेर, अनगोळ. उपस्थिती : सेक्रेटरी रवळू मास्तर, अध्यक्ष केशवअण्णा आणि मंडळाचे तीन सदस्य. विषय : सुवर्णाला नांदायला परत पाठवणे. नवऱ्याने पिरगळून मोडलेला तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. हात बरा होईल, तू आधी घरला जा, मंडळाचं नाव जातंय, असं अध्यक्षांनी सांगितलं. सर्वांनी उप्पीट खाल्लं. शिरा पुन्हा मागून घेतला. ठरल्याप्रमाणे सुवर्णाला त्याच संध्याकाळी सासरी पोचवण्यात आलं. बैठक खेळीमेळीत पार पडली.'

सुवर्णा उठून उभी राहिली. आता हा माणूस ओरडेल, आपल्या बापाचा उद्धार करेल, पडदा बंद करायला लावेल. त्या प्रत्येक गोष्टीला काय उत्तर द्यायचं ते तिने ठरवून ठेवलं होतं.

केशवअण्णांनी पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"रवळूचं नाव आधी का? अध्यक्ष कोण हुतं तवा?"

"तुम्ही."

"मग? आशुतोष, माजं नाव वर घे. आणि नुसती बैठक काय? 'कौटुंबिक समेट' असं लिव्ह. शोभून दिसंल. असली कामं आपण लई केलीत रं, एकबी घातलं न्हाय बघ." ते खरोखरच हळहळले.

ठरवून ठेवलेलं एकही उत्तर तिच्या उपयोगाचं राहिलं नाही. रागवायलाही समोर कुणीतरी असावं लागतं.

आशुतोषचा हात हलला नव्हता. "मामा, हे... काढूया की."

"काढायचं कशाला? फोटो न्हाय त्येला, तेवढीच खोट." ते सुवर्णाकडे वळले. "त्या वक्ताचा एकादा फोटो हाय काय गं तुझ्याजवळ?"

"आहे."

वकिलाने कोर्टासाठी जपून ठेवायला सांगितलेला फोटो तिने फोनमध्ये शोधला आणि जोडला.

तिच्या हाताचा एक्स-रे पडद्यावर वरून खाली उलगडत गेला. सगळं काळं, आणि त्यात मनगटाच्या वर तुटून एकमेकांपासून सरकलेली दोन पांढरी हाडं. त्याच्या वरच्या रांगेत मुंडावळ्या होत्या, खालच्या रांगेत पुष्पगुच्छ. आशुतोषने मान खाली घातली. केशवअण्णा मात्र खुर्चीतून उठले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून पुन्हा लावला आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नीट शोधलं.

"अगं, पण ह्यात मी कुठं हाय?"