टायरवरचा बाण

"हेच चार," थविन म्हणाला आणि त्याने टायरच्या खाचेत अंगठा रुतवला. "चिखलाला कसे चावतील बघ, ताई."

लम्दुआनने मान हलवली. तिच्या दुकानातले सगळ्यांत चांगले टायर होते ते. दोन्ही काठांवरून तिरप्या खाचा यायच्या आणि मध्ये टोकाला टोक मिळायचं. कडेला रबरातच उमटवलेला एक बाण. बाण पुढच्या बाजूला फिरला पाहिजे, म्हणजे गाडी चिखलातून निघते. थविनची, तिच्या धाकट्या भावाची, निळी पिकअप दारात उभी होती. तिचे जुने टायर तळहातासारखे गुळगुळीत झाले होते.

"पण बाण मागे करून बसव," थविन म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का? चिखल खाचांत भरून राहील. रुतशील कुठेतरी."

"तुझा भाऊ जन्मापासून उलटाच चालतो. टायर तरी सरळ कशाला?" तो हसला. मग हसू पुसून म्हणाला, "चारही, ताई. विसरू नकोस."

आणि समोरच्या चिंचेखालच्या झुल्यात तो टोपी तोंडावर घेऊन पडला.

तिने जॅक लावला. गाडी हळूहळू उचलली गेली. दुकानामागे जंगल होतं, आणि जंगलात लाल शिसव. एका झाडात एक घर उभं राहील एवढ्या मोलाचं लाकूड. तिचा नवरा प्रासित त्या जंगलाच्या नाक्यावरचा मुख्य राखणदार. जेवणं झाली की तो चुलीतली राख पसरायचा आणि बोटाने तिला चाकांच्या खुणा वाचायला शिकवायचा. खाचांचं टोक जिकडे, तिकडून गाडी आली. फाटा उघडतो जिकडे, तिकडे ती गेली.

पाना तिच्या हातात थांबला.

बाण मागे असेल, तर आत शिरलेली गाडी बाहेर पडलेली दिसेल. राखणदार चिखल वाचतील. आत गेल्याच्या खुणा पावसाने धुतल्या म्हणतील. लाकूडचोर गेले म्हणतील. बंदुका खांद्याला अडकवतील, बिड्या पेटवतील, आणि तोडलेले बुंधे मोजायला गप्पा मारत आत जातील. आत कोणीतरी दबा धरून बसलेलं असेल. पलीकडच्या नाक्यावरचे दोघे मागच्या पावसाळ्यात असेच गेले. दोघांच्याही बंदुका खांद्यावरच सापडल्या होत्या.

"वहिनी, हवा!"

ती दचकली. नाक्यावरचा कियत मोटारसायकल घेऊन उभा होता. तिने नळी लावली. 

"आज कुठे, भाऊजी?"

"ओढ्यापलीकडे. आम्ही तिघं आणि प्रासितसाहेब. येताना बांबूचे कोंब आणतो. मागच्यासारखे कडू करू नका म्हणजे झालं."

"पुढे कोण असतं?"

"साहेबच. त्यांच्या पुढे जायची कुणाची छाती आहे?"

झुल्याचं हेलकावणं थांबलं होतं. टोपी मात्र तोंडावरच होती. लम्दुआनने झुल्याकडे पाहिलं आणि नळी काढून घेतली.

"जपून जा, भाऊजी."

"जपायला काय, माझं लग्न थोडंच ठरलंय!" कियत हसत निघून गेला.

ती चाकाजवळ बसली. आई गेली तेव्हा हा थविन सहा वर्षांचा होता. तिच्याच कमरेवर वाढला, तिच्याच हातचा घास खाऊन. आणि हाच आता बहिणीच्या दारात, बहिणीच्या हातांनी, बहिणीच्या नवऱ्याचं मरण बसवून घ्यायला आला होता. आज गाडीच्या खुणा खरं बोलल्या, तर राखणदार सावध होतील. थविन पकडला जाईल. पण तुरुंगातल्या भावाला डबा नेता येतो. चितेवरच्या नवऱ्याला काय नेणार?

तिने एकेक चाक चढवलं. चारही बाण सरळ.  मग तिने आरशाला झेंडूची ताजी माळ बांधली आणि गाडीला राखणाऱ्या देवीला हात जोडले. दोघांसाठी मागायचं होतं. दोघांसाठी एकदम मागता येईना.

थविन उठला. टायरकडे त्याने नीट पाहिलंही नाही. ताईने बसवले होते, मग बघायचं काय? त्याने वाकून तिला हात जोडले आणि गाडी सुरू केली.

तेवढ्यात प्रासित आला. अंगात गणवेश, बुटांना कोरडी माती. त्याने हात वर करून गाडी थांबवली.

लम्दुआनचा जीव भांड्यात पडला. तो अजून गेला नव्हता. तिच्यासमोर धडधाकट उभा होता.

"अहो, तुम्ही गस्तीला नाही गेलात?"

"पोरंच जातील थोड्या वेळाने. त्यांना म्हटलं, माझ्या अंगात कणकण आहे."

तो गाडीभोवती सावकाश फिरला. मागच्या चाकाशी उकिडवा बसला. रबरावरच्या बाणावरून त्याने बोट फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा. वाचा, ती मनात म्हणत होती. वाचा आणि समजून घ्या, मला बोलायला लावू नका.

त्याने वाचलं. मान वर केली. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज नेहमीच मऊ व्हायचा, तसाच आताही झाला.

"लम्दुआन, बाण मागे हवे होते. मी त्याला नीट सांगून पाठवलं होतं."