परतीचा दोरा

नकाशावरची वाकडीतिकडी वाट आमच्या घरी दोऱ्याने मोजतात. आजोबा रंगारी, लुगड्यांचे काठ असेच मोजायचे. पायथ्यापासून शिखरापर्यंत दोरा ठेवायचा, कापायचा आणि परतीसाठी तोच शिखरापासून खाली ठेवून पडताळायचा.

रविवारी दुपारी अग्रहार वस्तीतल्या घरी सुब्बरावकाका, बहीण अंबुजा आणि मी घाटातल्या तीन वाटांमधली एक निवडत होतो. प्रत्येकाने आपापला दोरा कापला. त्या दोघांचे दोरे परत पायथ्याला पोचले. माझा चार बोटं अलीकडेच संपला.

"कापताना ताणलास तू, नरसिंह," अंबुजा म्हणाली. तिने तोच दोरा पायथ्यापासून वर ठेवला. बरोबर शिखराला टेकला. शिखरापासून खाली ठेवला, तर पुन्हा चार बोटं कमी.

दुसऱ्या वाटेला मी नवा दोरा घेतला. तोही उतरताना रानातच संपला. तिसऱ्या वाटेचाही तसाच.

काकांनी चष्मा लावला, माझे दोरे जिथे संपले त्या तिन्ही जागा नीट पाहिल्या आणि तिसऱ्या वाटेवर पेन्सिलीने खूण केली.

"सरी, ठीक आहे, हीच धरूया," ते म्हणाले. "नरसिंहाचा दोरा संपतो तिथपर्यंत त्याला आणायला जीप येते."