चव उत्तम

शाळेतली खिचडी पोरांना वाढण्याआधी गुरुजींनी स्वतः चाखायची आणि वहीत शेरा मारायचा, असा नियम. गंगाखेडाकडल्या एका शाळेत महालिंग गुरुजींनी नऊ वर्षं न चुकता ‘चव उत्तम’ लिहिलं. चाखायची मात्र त्यांची लाडकी मांजर. पोरं तिला मॅडमच म्हणायची.

सोमवारी मॅडमला एकाएकी जुलाब लागले. गुरुजी कासावीस! चमच्याचमच्यानं साखर-मिठाचं पाणी पाजलं आणि खिचडी शिजवणाऱ्या भागम्माला दम भरला, “हिला आज खिचडीचं शीतबी दाखवू नको! मुकं जनावर हाय, सोसायचं न्हाई.”

पोरं ताटं घेऊन बसलेली. भागम्मानं भरलेली पळी गुरुजींच्या तोंडाशी नेली.



“मग आ करा, गुरुजी. मॅडम आज रजेवर हाईत.”