बसवलेलं गुरुत्वाकर्षण

“निसर्ग कधी खोटं बोलत नाही!” गुर्जरसरांनी गर्जना केली. बीएस्सीच्या भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकाच्या फेरपरीक्षेला एकटीच आलेली मृण्मयी तेव्हा उत्तरावरून उलटी रीडिंग्ज बसवत होती. नव्या यंत्रात जो आकडा भराल तेवढंच गुरुत्वाकर्षण खोलीत लागू व्हायचं, आणि घाईत तिच्याकडून आकड्याआधी उणे चिन्ह पडलं. सर अलगद उठले नि छताला जाऊन चिकटले, फिरत्या पंख्यापासून वीतभर लांब.

फरशीला ठोकलेल्या टेबलाला मिठी मारून तिनं बोट बटणावर नेलं. “सर, एकदम बरोबर उत्तर भरलं तर तुम्ही आपटाल!”

“मग हळूहळू चुकत ये, बाई!”

ती एकेक दशांश सरकवू लागली. छताची पकड सैल होताच सर पंख्याच्या ओढीनं तिकडे घसरले.

“थांब!”

तिनं बटणावरचं बोट उचललं.

“वर आलोच आहे, तर टेबलाखाली अडकलेला तो कुंचा सोड इकडे. जळमटं फार झालीत.”